छायाची विश्रांती

चिंचदर, ता. सटाणा
१४ जुलै २००१

चि. रविराज यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रशिक्षणाहून परत येऊन पाच आठवडे झाले. लगेच पत्र लिहीन म्हणाले होते, पण शाळा उघडली, पटनोंदणी झाली, पुस्तकांचं वाटप झालं, आणि आमच्याकडे शिक्षक दोनच. लहानू गुरुजी पहिली आणि चौथी सांभाळतात, माझ्याकडे दुसरी-तिसरी.

खरं सांगते, देवळाली कॅम्पच्या त्या हॉलमध्ये तू फळ्यापाशी उभा राहिलास तेव्हा मला हसू येत होतं. देवळ्याला मावशीच्या ओट्यावर ज्याला मी बाराखडी गिरवायला लावली, तो माझा धाकटा मावसभाऊ मला बावीस वर्षांच्या नोकरीनंतर 'मेंदू आणि वर्ग' शिकवणार. पहिले दोन दिवस मी वहीत एक अक्षर लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी पलीकडे लष्कराच्या तोफांचा सराव सुरू झाला. पहिल्या आवाजाला आम्ही चाळीसही जण दचकलो. तू लगेच मला उभं केलंस आणि विचारलंस, "ताई, सतरा साते?" मला येईना. झोपेतून उठवलं तरी सांगेन असा पाढा, आणि तोंडातून आकडा निघेना. "छडी उगारली की पोराच्या डोक्यात असंच होतं," तू म्हणालास. त्या दिवसापासून मी लिहून घ्यायला लागले. इथे आल्यावर छडी मोडून टाकली. लहानू गुरुजी हसले. म्हणाले, आठ दिवस टिकेल. अजून टिकलंय.

आता कामाचं. तिसरीत छाया आहेर म्हणून मुलगी आहे, नऊ वर्षांची. बाप पुंजाराम कांदा पिकवतो, आई नवसाबाई, माणसं कष्टाळू. ही पोर वाचता वाचता मध्येच थांबते. 'शेतकरी सकाळी' म्हणाली की पुढचं नाही. डोळे उघडे असतात, पापण्या जरा फडफडतात. हाक मारली, खांद्याला हात लावला तरी तिला कळत नाही. दहापर्यंत मोजावं एवढा वेळ. मग 'उठून शेतात जातो' असं तिथूनच पुढे, मध्ये काही झालंच नाही अशी. दिवसातून आठ-दहा वेळा होतं. गेल्या वर्षी मला वाटायचं, पोरगी बनेल आहे, मुद्दाम करते. मी तिला पट्टीने मारलं, रवी, आणि एकदा नाही. मारल्यावर ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची, आपण काय केलं ते कळत नसल्यासारखी. तेव्हा मला त्याचाच राग यायचा.

हे काय असेल? तुझ्या शास्त्रात याला काही नाव आहे का?

मावशीच्या गुडघ्यांचं काय? तिला नमस्कार.

तुझी,
द्वारकाताई


नाशिक
२७ जुलै २००१

ती. द्वारकाताईस, रविराजचा सा. नमस्कार.

तुझं पत्र मी आमच्या प्रशिक्षण केंद्रातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. संचालक वाबळे सर म्हणाले, बावीस वर्षांची सवय एका तोफेने सुटली, हे कागदावर आलं पाहिजे. ताई, तुला वाटेल मी फुगलोय. फुगलोच आहे थोडा. गेल्या दोन वर्षांत मी सहाशेवर शिक्षकांना शिकवलं. तुझ्यासारखं पत्र कुणाचं आलं नाही.

छायाबद्दल मुळीच काळजी करू नकोस. तू पाचव्या दिवशी तासभर लवकर निघालीस, बससाठी, त्या तासात मी हेच सांगितलं होतं. मेंदू सतत लक्ष देऊ शकत नाही. ठरावीक वेळाने तो बाहेरचं दार लावून घेतो आणि आत आलेला माल जागच्या जागी लावतो. आपल्यालाही होतं, आपण त्याला तंद्री म्हणतो. मुलांमध्ये ते जास्त असतं, आणि ज्या मुलांनी मार खाल्लाय त्यांच्यात फारच. छायाचे ते दहा सेकंद म्हणजे तिच्या मेंदूने घेतलेली विश्रांती आहे. म्हणून तर ती अचूक तिथूनच पुढे वाचते. माल जागेवर लागलेला असतो.

तिला हलवू नकोस, हाका मारू नकोस. विश्रांती पुरी होऊ दे. इतर मुलांना सांग की कुणी हसायचं नाही. आणि एक वही घालून रोज नोंद ठेव: किती वेळा, कधी, त्या आधी काय चाललं होतं. आम्ही शिक्षकांसाठी पुस्तिका काढतोय. त्यात खऱ्या वर्गातली उदाहरणं हवी आहेत, परदेशातली नकोत.

तू मारत होतीस याचं मनाला लावून घेऊ नकोस. ठाऊक नव्हतं म्हणून मारलंस.

आईचे गुडघे तसेच. तुझी आठवण काढते.

तुझा,
रविराज


चिंचदर
९ सप्टेंबर २००१

चि. रविराजास आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं चाललंय. छाया थांबली की आम्ही सगळेच थांबतो. मुलांनी त्याचा खेळ करून घेतलाय. कुणी बोलत नाही, ती पुढे वाचायला लागली की तेही पुढे वाचतात. पोरीत खूप फरक पडलाय. आधी दाराजवळ बसायची, आता पुढे बसते. रोज येते. परवा वाचनात तिने दुसरा नंबर काढला आणि घरी जाताना माझी पिशवी धरून थेट बस थांब्यापर्यंत आली. वाटेत दोनदा थांबली, मीही थांबले.

नोंदींची वही सोबत पाठवते आहे. थांबणं कमी झालेलं नाही, पण तू म्हणाला होतास की कमी होण्याची गरजच नाही.

मागच्या महिन्यात तिची आई शाळेत आली होती, काळजीत होती. तुझ्या पत्रावरून तिची समजूत घातली.

रवी, मला या वयात पुन्हा नव्याने शिक्षिका झाल्यासारखं वाटतंय. घरी कोणाला हे सांगितलं तर हसतील, म्हणून तुला लिहिते.

द्वारकाताई


नाशिक
२२ नोव्हेंबर २००१

ती. ताईस सा. नमस्कार.

दिवाळीत येता आलं नाही, रागावू नकोस. पुस्तिका छापून आली. दोन हजार प्रती. पान एकतीसवर तुझं आणि छायाचं प्रकरण आहे, मथळा 'छायाची विश्रांती'. एक प्रत पाठवतोय. येत्या एक तारखेला शिक्षणाधिकाऱ्यांच्या हस्ते प्रकाशन आहे, मग जिल्हाभर वाटप. वाबळे सर फार खूश आहेत. पुढच्या वर्षी धुळे आणि जळगावचंही काम आपल्याकडे येईल असं म्हणतात.

प्रकाशनाला बोलवायचं म्हणून इथल्या एका मेंदूविकारतज्ज्ञांना, डॉ. गायधनींना, पुस्तिकेची पहिली प्रत दाखवली होती. त्यांनी एकदोन शंका काढल्या. पुढच्या आवृत्तीत बघू.

छाया कधी खाली पडली वगैरे आहे का? हात झटकणं, तोंडाला फेस? सहज विचारतोय, नोंद पूर्ण असावी म्हणून.

तुझा,
रविराज


चिंचदर
३ डिसेंबर २००१

चि. रविराजास आशीर्वाद.

पुस्तिका मिळाली. वर्गात पान एकतीस वाचून दाखवलं. छाया लाजून ओढणीत तोंड लपवून बसली. लहानू गुरुजींनी ते पान दोनदा वाचलं आणि न हसता परत दिलं. त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं.

तू विचारलंस त्याचं उत्तर: नाही. शाळेत ती कधी पडलेली नाही. फेस वगैरे काही नाही. का विचारलंस?

कार्यक्रम कसा झाला ते कळव.

द्वारकाताई


चिंचदर
१९ जानेवारी २००२

चि. रविराज,

माझ्या मागच्या पत्राला तुझं उत्तर नाही. ते असो. हे पत्र मिळाल्याबरोबर नाशिकच्या सरकारी दवाखान्यात जा. जळालेल्यांच्या वॉर्डात छाया आहे. सोबत आई आहे, तिला तिथलं काही कळत नाही, कुणाशी बोलायचं ठाऊक नाही. मला रजा संपल्यामुळे परत यावं लागलं.

अकरा तारखेला सकाळी पुंजाराम आणि नवसाबाई कांद्याच्या लावणीला मळ्यात गेले होते. छाया घरी भाकरी करत होती. पाच वर्षांची धाकटी बहीण सायली समोर बसलेली. सायली सांगते, ताई थापता थापता थांबली, नेहमीसारखी. मग ताठ झाली, अंग झाडायला लागली आणि चुलीवर आडवी झाली. उजवा हात विस्तवात गेला, तापलेला तवा गळ्यावर आला. सायलीने तिला पायाला धरून ओढलं, ओढवेना, मग मळ्याकडे पळाली. मळा जवळ नाही.

सटाण्याला पट्ट्या बांधून त्यांनी लगेच नाशिकला पाठवलं. टेम्पोत मी सोबत होते. तिथल्या तरुण डॉक्टरने नवसाबाईला विचारलं, "आधी कधी फिट आली होती?" ती नाही म्हणाली. "मध्येच थांबायची का? बघत राहायची?" तिने माझ्याकडे पाहिलं.

का पाहिलं ते तुला लिहिते. सप्टेंबरच्या पत्रात मी लिहिलं होतं, आईची समजूत घातली. काय समजूत, ते लिहिलं नव्हतं. छायाच्या हातून दुधाचं पातेलं दोनदा सुटलं होतं आणि विहिरीवर पोहरा ओढताना दोर सुटून ती काठावर तशीच उभी राहिली होती, म्हणून नवसाबाई शाळेत आली. "मनी पोरले काय व्हस, बाई? सटानाले डाक्टरकडे लई जाऊ का?" असं विचारलं. दुसऱ्या दिवशी जायचं ठरलं होतं, तिचा भाऊ मोटारसायकलवर नेणार होता. फक्त मला विचारायला आली होती, कारण मी बाई. मी तिला तुझं पत्र वाचून दाखवलं. म्हटलं, डॉक्टरची गरज नाही, नवीन शास्त्र आहे, ही मेंदूची विश्रांती आहे. तिने मला हात जोडले आणि घरी गेली.

तू नोव्हेंबरात विचारलंस, कधी पडली का. मी लिहिलं, शाळेत पडली नाही. ते खोटं नव्हतं. पण पातेलं आणि विहीर मला तेव्हा आठवली होती. लिहिली नाही. सगळं इतकं चांगलं चाललं होतं.

जा आणि बघून ये.

द्वारकाताई


नाशिक
३० जानेवारी २००२

ती. ताईस,

पत्र मिळालं त्याच दिवशी गेलो, नंतर रोज जातोय. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. बाकीची आखडतील, पुढे शस्त्रक्रिया करून थोडी सुटतील असं डॉक्टर म्हणतात. गळ्याची जखम भरतेय. डॉ. गायधनींना मी बोलावून आणलं. त्यांनी मेंदूचा आलेख काढून घेतला आणि गोळ्या सुरू केल्या. चार दिवसांत ती एकदाही थांबलेली नाही. गोळ्या साध्या आहेत, सटाण्यालाही मिळतील.

पहिल्या दिवशी छायाने विचारलं, तुम्ही कोण. मी शिक्षक आहे म्हटल्यावर म्हणाली, "मनी शाळा बुडी ऱ्हायनी." मी बाहेर जाऊन जिन्यावर बसलो.

ताई, तू सगळं स्वतःवर घेतलंस, म्हणून मला हे लिहिलंच पाहिजे. लिहायला आठ दिवस लावले.

नोव्हेंबरात डॉ. गायधनींनी एकदोन शंका काढल्या, असं मी तुला कळवलं होतं. त्यांनी शंका काढलीच नव्हती. पान एकतीस वाचून त्यांनी पुस्तिका मिटली आणि विचारलं, "ही मुलगी खरी आहे? कुठे आहे?" मी म्हटलं, सटाण्याजवळ. ते म्हणाले, "ही विश्रांती नाही. बोलता बोलता थांबते, पापण्या फडफडतात, हात लावला तरी भानावर येत नाही, हा बहुतेक अपस्मार आहे. मुलं पडत नाहीत, म्हणून कुणाला कळत नाही. कधीतरी मोठा झटकाही येऊ शकतो. तिला विस्तवापासून आणि पाण्यापासून लांब ठेवा आणि या आठवड्यात माझ्याकडे पाठवा. गोळीने बरी होईल." मी हो म्हणालो. तो सोळा नोव्हेंबरचा दिवस होता.

तिथून निघालो तेव्हा तुला तार करायची असंच डोक्यात होतं. केंद्रात पोचलो तर पुस्तिकांचे गठ्ठे येऊन पडले होते. पान एकतीस काढायचं तर का काढायचं ते सांगावं लागणार. मग हेही सांगावं लागणार की 'विश्रांती' हे मी कुठे वाचलेलंच नव्हतं. मेंदूवरची दोन पुस्तकं आणि पुण्याची दहा दिवसांची कार्यशाळा, एवढाच माझा अभ्यास. त्यातल्या ओळी जोडून मी ते स्वतः बनवलं आणि सहाशे शिक्षकांना छातीठोक सांगितलं. मी ठरवलं, एक तारीख होऊ दे, मग कळवू. आणि तुला ती एक ओळ लिहिली, कधी पडली का. तुझं 'नाही' आल्यावर मला वाटलं, डॉक्टरांचा अंदाज चुकला असेल. तसं वाटून घ्यायचंच होतं मला. कार्यक्रम झाला, हार-तुरे झाले. मग प्रजासत्ताक दिनानंतर कळवू, असं ठरवलं.

तुला ठाऊक नव्हतं, ताई. मला आठ आठवडे ठाऊक होतं.

रविराज


चिंचदर
२४ फेब्रुवारी २००२

रविराज,

छायाला परवा घरी आणलं. पत्राचं उत्तर द्यायला उशीर झाला.

तुझं पत्र मी पुंजाराम आणि नवसाबाईला वाचून दाखवलं. पूर्ण, काही न गाळता. त्याआधी माझं सांगितलं, पातेल्याचं आणि विहिरीचं, तुला कळवलं नाही ते. पुंजाराम मध्येच उठून बाहेर गेला आणि गोठ्यापाशी उभा राहिला. नवसाबाईने शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे त्या सायेबले दिवाईलेच माहीत व्हतं?" मी हो म्हटलं. ती परत परत तेच विचारत राहिली. तीनदा विचारलं. दिवाळीला छाया धडधाकट होती, अंगणात फुलबाज्या उडवत होती, हे तिला जुळवायचं होतं बहुतेक. नंतर म्हणाली, आता जा बाई.

तू माफी मागितली नाहीस ते बरं केलंस. मागितली असतीस तरी ती माझ्याकडे नाही.

मला एक विचारायचंय आणि खरं उत्तर हवंय. तोफेचं जे सांगितलंस ते तरी खरं होतं का? मला आता कळत नाही, काय धरायचं आणि काय सोडायचं. छडी मी पुन्हा घेणार नाही, पण वर्गात उभी राहिले की हात कशालाच धजत नाही. एखादं पोर खिडकीबाहेर बघत बसलं तरी मी जाऊन त्याच्या खांद्याला हात लावून बघते.

आणि एक काम करायचंय. तुझ्या हजेरीपटावर सहाशे नावं आहेत. त्या प्रत्येकाच्या वर्गात तू सांगितलेली विश्रांती चालू असेल. पुस्तिका किती गेल्या मला माहीत नाही. ते सगळं परत घे. कसं घ्यायचं ते तुझं तू बघ. झाल्याशिवाय मला पत्र लिहू नकोस.

द्वारका


नाशिक
२८ मे २००२

ती. ताईस सा. नमस्कार.

झाल्याशिवाय लिहू नकोस म्हणालीस. पूर्ण झालेलं नाही, पण माझ्याकडून होण्यासारखं होतं तेवढं झालंय, म्हणून लिहितो.

वाबळे सरांना आधी सांगितलं. ते म्हणाले, पान एकतीसवर चिकटवायला चिठ्ठी छापू, 'अधिक माहितीसाठी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा', एवढं पुरे. मी म्हटलं, ते चूक आहे असंच लिहावं लागेल. "एका मुलीवरून सगळं प्रशिक्षण खोटं ठरेल, रविराज. जे शिक्षक मारायचे थांबले ते पुन्हा मारायला लागतील. ते चालेल तुला?" असं त्यांनी विचारलं. ताई, ते उगीच बोलत नव्हते. तरी मी हजेरीपट घरी आणला आणि पोस्टकार्डं लिहायला बसलो. सहाशे बारा. सगळ्यांवर एकच मजकूर: मी तुम्हाला मेंदूच्या विश्रांतीबद्दल जे सांगितलं ते चूक होतं, मी ते तपासलेलं नव्हतं, त्यामुळे एका मुलीचा हात गेला. मग आजाराच्या खुणा लिहिल्या, डॉ. गायधनींचा पत्ता, आणि पुस्तिकेतलं पान एकतीस फाडून टाका, असंही.

मे महिन्याच्या प्रशिक्षणात, त्याच देवळालीच्या हॉलमध्ये, पहिल्याच तासाला हे उभं राहून सांगितलं. छायाचं नाव घेतलं नाही. मागून एक गुरुजी म्हणाले, "मग तुमचं बाकीचं तरी आम्ही कशाला ऐकायचं?" मी म्हटलं, जे मी तपासलंय तेवढंच ऐका, आणि तेही मला विचारून घ्या. निम्मे लोक जेवणानंतर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी वाबळे सरांनी मला शिकवणं थांबवायला सांगितलं. केंद्राचं काम सुटलं. जूनपासून सिडकोतल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवेन.

त्रेचाळीस कार्डांना उत्तरं आली. त्यांत काहींनी शिव्या दिल्यात. एकोणीस मुलांची नावं आली. अकरा जणांना डॉक्टरांनी पाहिलंय, सहा जणांना छायासारखंच निघालं, गोळ्या सुरू आहेत. आणि सुरगाण्याकडच्या एका बाईंचं कार्ड आलं. त्यांच्या शाळेतली एक मुलगी गेल्या पावसाळ्यात नदीवर पाणी भरायला गेली ती परत आली नाही. 'ती पण मध्येच थांबायची,' एवढंच लिहिलंय. त्या पावसाळ्याआधीच्या एप्रिलात त्या माझ्या प्रशिक्षणाला बसल्या होत्या. पुढे त्यांनी काही लिहिलेलं नाही. मी दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही. मी तिथे जाऊन येणार आहे.

तोफेचं तू विचारलंस. ते खरं आहे. भीतीने येत असलेलंही आठवत नाही, हे पुष्कळ लोकांनी पुष्कळदा तपासून पाहिलंय. डॉ. गायधनींनाही मी विचारलं, ते हो म्हणाले. तेवढं तू धर.

छाया कशी आहे, हे विचारायचा मला हक्क आहे की नाही, कळत नाही. तरी विचारतो.

रविराज


चिंचदर
२० जून २००२

चि. रविराजास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सुरगाण्याला जाऊन ये, टाळू नकोस. त्या बाई बोलल्या नाहीत तरी थोडा वेळ बसून ये.

छाया गोळ्या घेते, तिचं थांबणं पूर्ण गेलंय. बापाने तिला शाळेत पाठवायला नकार दिला. पोरं हाताकडे बघतात आणि मिरगीवाली म्हणतात, ते त्याने ऐकलंय. खरं म्हणजे घरातही तिला कुणी चुलीजवळ जाऊ देत नाही, विहिरीवर नाही, एकटीला अंगणातही नाही. दिवसभर ओट्यावर बसून असते. मी शाळा सुटल्यावर आठवड्यातून तीनदा जाते. नवसाबाई सतरंजी टाकते आणि मळ्यात निघून जाते. माझ्याशी बोलत नाही. छाया डाव्या हाताने लिहायला बघते, अक्षर अजून लागत नाही, चिडते, पाटी ढकलून देते. गणितं तोंडी छान करते. एकदा मला म्हणाली, "बाई, तुम्ही पहिले मारायच्या ना, तेव्हा मला वाटायचं मी काहीतरी केलं असंन." मी तिला सांगितलं, तू काही केलं नव्हतंस. ती म्हणाली, आता माहीत आहे. चौथीच्या पटावर तिचं नाव आहे. मी ते कमी केलेलं नाही आणि करणार नाही.

सोमवारी सकाळी प्रार्थनेनंतर नवसाबाई शाळेच्या दारात उभी दिसली. सोबत सायली, केस चोपून बसवलेले, नवा फ्रॉक. मला वाटलं, लहानू गुरुजींकडे आली असेल, पहिली त्यांच्याकडे असते. पण ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. चार महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"हिले घाली ऱ्हायनू शाळामा," म्हणाली. "तिना बाप नको म्हणे. पण हाई बी घरमा बसी राहीन ते मी काय करू?"

मी जन्मतारीख विचारली, लिहून घेतली. ती जाईना. सायलीचा हात तिने घट्ट धरून ठेवला होता, इतका की पोर तो सोडवायला बघत होती.

"बाई," ती म्हणाली, "जे तुमले कळत नही, ते कळत नही म्हणीसन सांगज्यात. मी डाक्टरकडे लई जासू."

मी हो म्हटलं. ती तशीच उभी. वर्गातली पोरं बघत होती, लहानू गुरुजी खडू हातात धरून थांबले होते. एवढ्या हो वर ती आपली पोर सोडणार नव्हती, आणि का सोडावी? इतक्या वर्षांत मी कोणासमोर कधी म्हटलं नव्हतं ते मग मी म्हटलं, तिच्याच बोलीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"माले कळत नही ते मी सांगसू, नवसाबाई. मागे सांगं नही."

मग तिने सायलीचा हात सोडला.

तुझी,
द्वारकाताई